दप्तराचे वजन आणि उद्दिष्टांचा मसुदा

मनुष्याची तत्त्वे आयुष्यभर टिकतात असे नीतिशास्त्राचे ग्रंथ सांगतात. परंतु ज्याने शाळेच्या पालक-शिक्षक संघाची, वार्षिक उद्दिष्टे ठरवण्यासाठी बोलावलेली सभा आदीपासून अंतापर्यंत बसून ऐकली आहे, त्याला ती तत्त्वे जूनमध्ये रुजू होऊन एप्रिलमध्ये सेवानिवृत्त होतात आणि पाल्य वरच्या इयत्तेत गेला की त्यांच्या जागी नवी नेमणूक होते, याविषयी तिळमात्र शंका उरत नाही. आमच्या सभेतील एक गृहस्थ, चिरंजीव पाचवीत असताना, खेळाच्या तासाला कोणीही हात लावता कामा नये या विषयावर इतक्या कळकळीने बोलले होते की क्रीडाशिक्षकांचे डोळे पाणावले; यंदा तेच चिरंजीव दहावीत गेल्यामुळे तो तास बीजगणिताकडे वर्ग करावा अशी सूचना त्यांनी तितक्याच कळकळीने मांडली, आणि क्रीडाशिक्षकांचे डोळे यावेळीही पाणावले.

हा संघ कोणाच्या हौसेखातर जन्माला आलेला नसून त्यामागे 2011 चा महाराष्ट्राचा शुल्क-विनियमन कायदा उभा आहे. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांच्या आत संघ स्थापन करावा, कार्यकारी समितीचे अध्यक्षपद मुख्याध्यापकाने, उपाध्यक्षपद एका पालकाने आणि सचिवपद एका शिक्षकाने भूषवावे, फीचा प्रस्ताव या समितीपुढे यावा, आणि समितीतील पालक इच्छुकांमधून सोडत काढून निवडावेत, अशी त्याची तजवीज आहे. निवडणुकीऐवजी सोडत योजणाऱ्या त्या अज्ञात मसुदाकाराच्या दूरदृष्टीला माझा नमस्कार असो. इच्छुकांच्या यादीत माझे नाव माझ्या सौभाग्यवतींनी, मी दौऱ्यावर असताना, माझ्याच सहीसारख्या दिसणाऱ्या अक्षरात दाखल केले होते. खडूच्या रिकाम्या खोक्यातून पहिलीतल्या एका मुलीने चिठ्ठ्या काढल्या. नावे निघाली त्यांतले अर्धेअधिक गैरहजर होते, आणि जे हजर होते त्यांच्या मुद्रा इनाम लागलेल्या माणसाच्या खचित नव्हत्या.

पहिल्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर फीचा विषय नव्हता, म्हणून तो सर्वांच्या मनात होता; आणि तो मनातच राहावा यासाठी मुख्याध्यापिकाबाईंनी मोठ्या चातुर्याने दप्तराच्या ओझ्याचा विषय पुढे घेतला. दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून जड असू नये, अशा आशयाचा शासन निर्णय 2015 सालीच निघालेला असल्यामुळे, हे उद्दिष्ट बिनतक्रार मंजूर होईल अशी त्यांची अटकळ असावी. परंतु उपाध्यक्ष पडले वकील. पुराव्यावाचून ठराव कसला, असे म्हणून त्यांनी शिपाईमामांकडून रद्दी विकताना वापरायचा ताणकाटा मागवला, आणि आईची वाट पाहत दाराशी घुटमळणाऱ्या सातवीतल्या एका मुलाचे दप्तर त्याला लटकवले. मुलाचे वजन 34 किलो, तेव्हा दप्तराची मर्यादा सुमारे साडेतीन किलो. काटा सहाच्या पुढे जाऊन थांबला.

पालकांच्या बाजूने विजयाची कुजबुज झाली. वर्गशिक्षिका मात्र शांतपणे उठल्या आणि त्यांनी दप्तर टेबलावर रिकामे करण्यास प्रारंभ केला. प्रथम त्या दिवसाच्या वेळापत्रकातली पुस्तके आणि वह्या निघाल्या. त्यांच्याखाली खाजगी शिकवणीच्या नोंदींचे दोन जाडजूड गठ्ठे निघाले. मग शिकवणीला जाण्यापूर्वी खायचा दुसरा डबा, ज्यात पोळीच्या गुंडाळीने अजून कोणाचाही स्पर्श अनुभवला नव्हता. आणि सर्वांत शेवटी, आत किमान एक लिटर पाणी मावेल अशी पोलादी बाटली, काठोकाठ भरलेली. शिकवणी, डबा आणि बाटली बाजूला ठेवून उरलेले दप्तर पुन्हा लटकवले, तेव्हा काट्याने शासनाचा मान राखला.

"अहो, पण तो शाळेतलं पाणी पीतच नाही!" मुलाची आई म्हणाली.

"टाकी महिन्याच्या महिन्याला धुतो आम्ही," सचिव असलेले सर दुखावल्या स्वरात म्हणाले, आणि टाकी धुतल्याच्या तारखांची वही आणण्यासाठी उठलेही.

"काय रे, चव लागते का पाण्याला?" बाईंनी विचारले.

"नाही बाई," मुलगा जमिनीकडे पाहत म्हणाला, "नळापाशी नववीची मुलं उभी असतात."

या साक्षीची कोठेही नोंद झाली नाही, कारण तोपर्यंत सभा जलशुद्धीकरणाच्या यंत्रापर्यंत पोहोचली होती. कोणाच्या मेव्हण्याची त्या यंत्रांची एजन्सी होती, तर कोणाचा तांब्याच्या हंड्यावर विश्वास होता. तासाभराच्या मंथनातून जे उद्दिष्ट वर आले ते 'शुद्ध पेयजलाविषयी जनजागृती करणे' असे होते. वकीलसाहेबांनी त्यात 'करण्याच्या दृष्टीने यथाशक्य पाठपुरावा' अशी दुरुस्ती सुचवून ते न्यायालयातही अभेद्य करून टाकले. नववीच्या मुलांचा बंदोबस्त करायला एक शिक्षक आणि मधल्या सुट्टीतली दहा मिनिटे पुरली असती, पण इतक्या किरकोळ गोष्टीला उद्दिष्ट म्हणण्याची वहिवाट नाही.

उरलेली उद्दिष्टे चहा आणि कचोरी आल्यामुळे भराभर मंजूर झाली. ज्यांची कन्या गाते त्यांनी स्नेहसंमेलनात संगीताला प्राधान्य मागितले, ज्यांचा मुलगा बसने येतो त्यांनी बसचा मार्ग मागितला, आणि सर्वांगीण विकासाला सर्वांनीच अनुमोदन दिले.

खरा वाद पेटला तो आढाव्याच्या सभेच्या तारखेवरून. श्रावणात सण, भाद्रपदात गणपती, मग सहामाही, मग दिवाळी, पुढे स्नेहसंमेलन, त्यापुढे लग्नसराई आणि वार्षिक परीक्षा, असे वर्षाचे एकेक पान गळत जाऊन अखेर निकालाचा दिवस मुक्रर झाला, कारण त्या दिवशी पालक निमंत्रणावाचून येतात. प्रगतिपुस्तक हाती पडल्यावर ते सभेला थांबतील काय, अशी शंका एका नवख्या शिक्षिकेने काढली. तेव्हा प्रगतिपुस्तके सभेनंतरच वाटावीत असा ठराव मुख्याध्यापिकाबाईंनी तत्काळ मांडला, शिक्षकवृंदाने एकमुखाने उचलून धरला, आणि पालक तोवर बाहेर आपापल्या चपला शोधण्यात गुंतलेले असल्यामुळे त्यावर कोणाचीही हरकत नोंदली गेली नाही.