कुलूपबंद चौकोन आणि त्याचे न आलेले चोर

क्यूआर कोडला पासवर्ड लावता येतो, अशी समजूत सुशिक्षित समाजात आणि विशेषतः स्वतःला लेखक म्हणवणाऱ्या त्याच्या एका पोटजातीत रूढ असली, तरी त्या काळ्यापांढऱ्या चौकोनाला कोणाला काही विचारण्याची सोयच नसते; समोर कॅमेरा आला की पोटात असेल ते सांगून मोकळे होणे, एवढेच त्याचे शील आहे. पोटात असतो तो निव्वळ मजकूर, आणि तोही बेताचा. सर्वांत मोठ्या, म्हणजे 177 गुणिले 177 घरांच्या कोडमध्ये जास्तीत जास्त 2953 बाइट मावतात (बाइट हे संगणकातील मजकूर मोजण्याचे माप आहे), आणि देवनागरीतील एकेका चिन्हाला, मग ते अक्षर असो, काना असो वा वेलांटी, प्रचलित यूटीएफ-8 पद्धतीत तीन बाइट लागत असल्यामुळे मराठी लेखकाच्या वाट्याला हजार चिन्हेही येत नाहीत. हजार चिन्हांत मराठी लेखकाची ऋणनिर्देशाची यादीही आटोपत नाही. म्हणून कोडमध्ये लेख न ठेवता लेखाचा पत्ता, म्हणजे लिंक, ठेवली जाते आणि कुलूप लागते ते त्या पत्त्यावरच्या पानाला.

हे कुलूपही एका जातीचे नसते. काही ठिकाणी पान पासवर्ड विचारते खरे, पण पानामागच्या फायलीचा थेट पत्ता ज्याच्या हाती लागला त्याला कोणीही हटकत नाही. काही ठिकाणी मजकूरच गूढलिपीत बदललेला असतो, म्हणजे पासवर्डावाचून तो कोणाच्या हाती पडला तरी अर्थहीन चिन्हांचा ढीग ठरतो. क्यूआर कोड ज्या कंपनीत जन्मला त्या डेन्सो वेव्हने एसक्यूआरसी नावाचा एक प्रकारही काढलेला आहे, ज्यात एकाच चौकोनाचा काही भाग सर्वांना वाचता येतो आणि उरलेला भाग ज्याच्या वाचनयंत्रात किल्ली आहे त्यालाच. याच्या नेमके उलट टोक म्हणजे पाहुण्यांसाठी भिंतीवर लावलेला वायफायचा कोड, कारण त्यात जोडणीचे नाव आणि पासवर्ड ही दोन्ही साध्या अक्षरांत लिहिलेली असतात. दाराला भक्कम कुलूप घालून त्याच्याच कडीला किल्ली अडकवून ठेवावी, तसा हा प्रकार असून त्याबद्दल कोणाची तक्रार नाही, कारण पाहुणा आत यावा हीच तेथे यजमानाची इच्छा असते.

लेखकाची इच्छा अधिक गुंतागुंतीची असते. वाचकाने आत यावे असे त्यालाही वाटते, परंतु येण्यापूर्वी त्याने थोडे ताटकळावे, परवानगी मागावी आणि ती मिळाल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर दिसावा, असेही वाटते. पुस्तकाच्या मलपृष्ठावर कोड छापून, त्यामागे स्वतःच्या आवाजातील अभिवाचन ठेवून, त्याला पासवर्ड लावण्याचा आग्रह प्रकाशकाकडे धरणारे लेखक या वर्गाचे नमुनेदार प्रतिनिधी होत, आणि प्रस्तुत लेखकाची गणना त्यांच्यात करण्यास अभ्यासकांची हरकत असू नये. वाङ्मयचौर्याची भीती हे या आग्रहाचे सांगितले जाणारे कारण असते. वास्तविक कुलूप हे आत ऐवज असल्याची जाहिरात असते, आणि ज्या ऐवजाची जाहिरात अन्य कोणीही करत नाही त्याच्या मालकाला तिचे मोल विशेष वाटते.

याच वृत्तीचे दुसरे लक्षण म्हणजे चौकोनाच्या मधोमध स्वतःचे छायाचित्र बसवणे. कोडचा काही भाग फाटला, डागाळला वा खरवडला गेला तरी तो वाचता यावा, म्हणून रीड-सॉलोमन या गणिती पद्धतीने त्यात जादा माहिती भरलेली असते, आणि सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे 30 टक्के माहिती नष्ट झाली तरी ती परत उभी करता येते. ही राखीव तरतूद कारखान्यातील तेलाच्या आणि धुळीच्या डागांसाठी केलेली असली, तरी तिचा लाभ आज मुख्यतः लेखकांच्या आणि नगरसेवकांच्या चेहऱ्यांना होतो. त्यातच कोड गतिमान प्रकारचा असेल, म्हणजे छापलेला चौकोन तोच ठेवून त्यामागचा पत्ता हवा तेव्हा बदलता येत असेल, तर तो किती वेळा, साधारण कोठून आणि कोणत्या उपकरणावरून वाचला गेला याची नोंदही मिळते. अशा नोंदींचे पृथक्करण केले असता, बहुसंख्य भेटी ज्या उपकरणावरून झालेल्या आढळतात ते लेखकाच्याच खिशात असते.

संरक्षणाची खरी निकड जेथे आहे तेथे मात्र शुकशुकाट असतो, आणि याची चीड विनोदी लेखात व्यक्त करणे अप्रस्तुत ठरू नये. भाजीच्या गाडीवर टांगलेल्या कोडवर रात्रीतून कोणी दुसरा कोड चिकटवला, तर दोन चौकोनांतला फरक माणसाच्या डोळ्याला कळत नाही. पैसे आले की ते मोठ्याने सांगणारा तो छोटा भोंगा नसेल, तर भाजीवालीला हिशेब संध्याकाळीच उमगतो. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देताना, घेताना कधीही नाही, एवढी साधी गोष्ट माहीत नसल्यामुळे जुना सोफा विकायला काढलेली माणसे ‘पैसे मिळण्यासाठी’ कोड स्कॅन करून पिन दाबतात आणि पदरचे पैसे गमावून बसतात. ई-आधारच्या फायलीला पासवर्ड असतो खरा, पण तो नावाची इंग्रजीतील पहिली चार मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष यांचा बनलेला असल्याने, धारकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारा कोणीही तो सांगू शकतो.

कुलपाचा मोह मराठी वाङ्मयाला क्यूआर कोडमुळे जडला, असे मात्र कोणी समजू नये, कारण या भाषेतील पहिला गद्य ग्रंथ मानला जाणारा तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्र’ हाच कुलपाआड जाऊन बसला होता. येथे विषयांतर होत आहे याची जाणीव असूनही ते आवरण्याचे कारण दिसत नाही. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी म्हाइंभटांनी त्यात माणसामाणसाला गाठून, विचारून, मराठीत लिहून काढल्या. आणि पंथाचे आचार्य नागदेव यांचा मराठीविषयीचा आग्रह असा की, केशिराजांसारखा संस्कृतज्ञ संस्कृतात लिहू लागला तेव्हा, संस्कृतात लिहाल तर माझ्या म्हाताऱ्या वंचित होतील, या कारणास्तव त्यांनी त्याला थांबवले. ग्रंथ कोणासाठी लिहायचा याचा इतका नेमका विचार, आणि तोही वाचकाचे वय, लिंग आणि विद्येचा अभाव यांसह केलेला, पुढच्या काळातील प्रकाशनसंस्थांच्या बैठकांत क्वचितच झाला असेल. आणि तरीही चौदाव्या शतकात याच पंथात सकळ लिपी निघाली. अक्षरांच्या जागी ठरावीक दुसरी चिन्हे योजणारी ही सांकेतिक लिपी होती. तिच्या पाठोपाठ सुंदरीसारख्या आणखीही लिप्या आल्या, आणि ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून ते त्यांत उतरवले जाऊ लागले. व्यवस्था उत्तम होती. इतकी उत्तम की परक्यांनी शेकडो वर्षे ते वाचले नाहीत, मराठी वाङ्मयाच्या इतिहासातला केवढातरी मोठा तुकडा इतिहास लिहिणाऱ्यांच्या नजरेबाहेर राहिला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा करीपर्यंत बाहेरच्या विद्वानांना आपण कशाला मुकलो आहोत याचाही पत्ता नव्हता. ‘पासवर्ड विसरलात का?’ असे लिहिलेल्या जागेवर बोट ठेवण्याची सोय तेव्हा नव्हती. त्या जागी राजवाडे होते, आणि ते प्रत्येक शतकात उपलब्ध असतीलच असे नाही.

प्रस्तुत लेखकाच्या अभिवाचनाचा उलगडा करण्यासाठी भावी काळात कोणी राजवाडे जन्म घेतील, ही शक्यता लेखकाने गांभीर्याने तपासून पाहिली आहे व ती पूर्णपणे फेटाळलेली नाही.

नागदेवांच्या म्हाताऱ्या मात्र अजून आहेत, आणि त्यांची गाठ लग्नाच्या अल्बमशी पडते. छायाचित्रकार आता जाड पुठ्ठ्याचा अल्बम देण्याआधी पाकिटातून एक पातळ कार्ड देतो, त्यावर कोड असतो, आणि हजारो फोटोंच्या त्या पानाला वधूवरांची नावे जोडून केलेला पासवर्ड असतो, जो व्हॉट्सॲपवर कळवला जातो किंवा ‘दोघांची नावे, मध्ये जागा न सोडता’ असा फोनवर सांगितला जातो. आता वधू ज्ञानदा आणि वर हृषीकेश असेल, तर पुण्याच्या रीतीने ज्ञ डी-एन-वाय-एने सुरू होतो आणि इंदूरच्या आत्याबाईंच्या रीतीने जी-वाय-एने. हृषीकेशची सुरुवात एचने की आरने, पुढे आयने की यूने, हे ज्याच्या त्याच्या शाळेवर अवलंबून असते. हे सगळे जुळलेच, तरी फोनचा कळफलक सुचवलेले नाव स्वीकारताना शेवटी एक रिकामी जागा टाकतो, जी डोळ्यांना दिसत नाही पण पासवर्डाला चालत नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे भावाच्या नातीच्या लग्नाला येऊ न शकलेल्या आत्याबाई दुपारच्या निवांत वेळी चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाजवळ धरून, एकेक अक्षर दाबतात, आणि पान लाल अक्षरांत त्यांना चूक ठरवते. ते यंत्राचे म्हणणे आहे असे त्यांना वाटत नाही. आपलेच काहीतरी चुकले, असेच वाटते. मग पुन्हा कोणाला विचारायचे, सारखे सारखे काय विचारायचे, म्हणून त्या विचारत नाहीत. संध्याकाळी फोन येतो तेव्हा, फोटो फार सुरेख आलेत हो, ज्ञानदाला शालू शोभून दिसतोय, असे त्या सांगतात. शालू असणार हे त्यांना माहीत असते. त्याचा रंग मात्र त्या कोणाला विचारीत नाहीत.

ज्यांच्यापासून हे फोटो राखायचे होते ते परके कोण, याचे उत्तर कोणत्याही घरात मिळत नाही. पासवर्ड गटागटांतून फिरत सोसायटीच्या वॉचमनपर्यंत पोचलेला असतो, स्क्रीनशॉट तर त्याच्याही आधी. अडते ते पहिल्या पंगतीचे मानाचे आमंत्रण ज्यांना होते त्यांचेच पाऊल.

ही अवस्था ज्या चौकोनामुळे आली, तो स्वतः कमालीच्या मोकळेपणामुळे वाढला, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे. 1994 साली जपानमध्ये मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो तयार केला, तेव्हा एकस्व, म्हणजे पेटंट, घेऊनही प्रमाणानुसार कोड बनवणाऱ्यांवर त्याचा हक्क बजावायचा नाही असे कंपनीने ठरवले. तसे नसते तर शेंगदाण्याच्या गाडीवर तो कधीच पोचला नसता. महाराष्ट्रात पाठ्यपुस्तकांतून तो मुलांपर्यंत नेण्यात ज्यांचा वाटा मोठा, ते सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी तर 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्काराच्या दहा लाख डॉलरांपैकी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांत वाटून टाकली. अशा उदाहरणांमुळे लेखकांची फार कुचंबणा होते.

तरीही तत्त्व सोडणे शोभत नसल्याने प्रस्तुत लेखकाने प्रकाशकापुढे एक तडजोड ठेवली: अभिवाचनाचे कुलूप कायम राहावे, मात्र साठी उलटलेल्या वाचकांना पासवर्ड विचारला जाऊ नये. प्रकाशकाने विक्रीच्या नोंदी काढून पाहिल्या आणि या अटीने कुलूप नेमके कोणासाठी उरते, असे लेखी विचारले. त्या पत्रास उत्तर देण्याचे काम अद्याप चालू आहे.