पाणसळे

फरशी, लादी आणि कारपेटच्या कामात हयात घालवलेल्या मावळातल्या मिस्त्रींमध्ये एक नमुना हमखास भेटतो. आडनाव काहीही असो, आम्ही त्याला पाणसळे म्हणतो. घरी मोबाइल विसरला तर तो परत फिरणार नाही, पाणसळ विसरली तर कामशेतहूनही माघारी जाईल. दुसऱ्या खिशात काचेची गोटी असते. नातवासाठी असेल असं आपल्याला वाटतं. ती जमिनीचा उतार बघायची असते.

पाणसळे पूर्वी मांडववाल्याकडे कामाला. ढेकळांच्या रानात मॅटिंग अंथरायचं आणि त्यावर नवरदेवाच्या आत्याला ठेच लागू द्यायची नाही, या शाळेत त्यांचं शिक्षण झालं. पुढे तुंगार्ली-वलवणकडे मुंबईकरांचे बंगले वाढले, बेडरूममध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत कारपेट हवं झालं आणि पाणसळ्यांना ढेकळांवरून कारपेटखालच्या अंडरलेच्या फोमवर बढती मिळाली.

बंगल्याचे साहेब कारपेटच्या रंगावर दोन-दोन रविवार काथ्याकूट करतात. पाणसळे रंगाकडे ढुंकूनही बघत नाहीत. चपला दाराशी काढून ते खोलीभर अनवाणी फिरतात, मध्येच थबकतात, अंगठा दाबतात.

"साहेब, ही खोली मागनं वाढवल्याली दिसतीय."

साहेब थक्क. जुनी शहाबादी संपून नवी टाइल सुरू होते, तिथला चढ पाणसळ्यांच्या टाचेला कळलेला असतो. मग दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी जमिनीवर आडवी पडते. तिच्याखाली तीन मिलिमीटरपर्यंतची फट ते माफ करतात. त्यापुढे त्यांचा चेहरा घरात कुणी आजारी असल्यासारखा होतो.

"अहो, थोडं इकडे-तिकडे चालायचंच. फोम घेईल की सांभाळून!" साहेब म्हणतात, आणि मागच्या कामातला उरलेला आठ मिलिमीटरचा तुकडा अभिमानाने पुढे करतात. नवा रोल असतो दहाचा.

पाणसळे खाली बसतात. आठचा आणि दहाचा तुकडा शेजारी ठेवतात, वर कारपेटचा नमुना टाकतात आणि साहेबांचं बोट धरून त्यावरून फिरवतात. "लागली न्हवं पायरी? आज बोटाला लागली, वरीसभरानं डोळ्याला दिसंल. कारपेट तिथंच झिजणार."

खोलगट जागी फोमची दुहेरी घडी घालावी, ही सूचना तर त्यांना शिवीसारखी लागते. "त्यावर कपाट ठिवलं की कपाट डुलणार. जमिनीचा दोष जमिनीतच काढायचा. उंचवटा घासायचा, खड्डा लेव्हलिंगच्या मसाल्यानं भरायचा, दोन फरशांमधला चढ लांबवर उतरवत न्यायचा. फोमला कशापायी राबवता?"

फोम टाकतानाचे नियमही कडक. तुकड्याची कड कडेला भिडवायची, एकावर एक चढवायची नाही, जोडावर टेप मारायची. कारपेटचा जोड फोमच्या जोडावर येता कामा नये. कारपेट पकडून ठेवणाऱ्या भिंतीलगतच्या ग्रिपर पट्टीवर फोम चढता कामा नये. हाताखालच्या पोराने घाईत कड चढवली, तर पाणसळे ओरडत नाहीत. वर कारपेट टाकून त्याला त्याच जागी अनवाणी उभं करून चहा प्यायला लावतात. कप रिकामा होईस्तोवर पोराला चूक कळलेली असते.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा आकडा पाणसळ्यांना ठाऊक नसेल, पण ओल ठाऊक आहे. फरशीवर फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी टेपने चिकटवून ते निघून जातात. दुसऱ्या दिवशी कागदाखाली थेंब दिसले की काम बंद. "फोम पानी पिणार, कारपेटला बुरशी येणार आन् फोन मला येणार. दिवाळीनंतर बघू." साहेबांनी गृहप्रवेशाचा मुहूर्त काढला, की पाणसळे कार्ल्याच्या दिशेने हात करतात. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत, दोन हजार वर्षांच्या. "त्यांना घाई नव्हती, साहेब."

हे वेड कामापुरतं राहत नाही. मुलासाठी मुलगी बघायला वडगावला गेले, तेव्हा मंडळी पोह्यांत गुंतलेली बघून यांनी हळूच गोटी सोडली. परतताना सगळ्यांनी मत विचारलं. "पोरगी गुणाची, माणसं चांगली. देवघराकडं उतार हाय." सोयरीक जमली. साखरपुड्याआधी पाणसळ्यांनी व्याह्यांच्या देवघराची फरशी पदरच्या खर्चाने उचकटून नव्याने बसवून दिली.

त्यांचं बिल मात्र कुणालाच पटत नाही. पाहुण्यांना कारपेट दाखवता येतं, त्याखालचा मसाला नाही. म्हणून निम्मे साहेब स्वस्तातला, चटपटीत कारागीर गाठतात आणि दोन पावसाळ्यांनी पाणसळ्यांचा नंबर शोधत बसतात.

तेव्हा लोणावळ्यात बंगला असेल आणि कारपेटची हौस असेल, तर पाणसळ्यांना पावसाळा सरल्यावर बोलवा. रंग सावकाश ठरवा. आणि मागच्या कामातला उरलेला फोम, कृपा करून, त्यांच्या नजरेस पडणार नाही असा माळ्यावर टाका.