कसेल त्याची कथा

कर्जत-खालापुरात सध्या दोन धंदे जोरात आहेत, प्लॉटिंग आणि शूटिंग. पहिल्यात दुसऱ्याची जमीन आपल्या नावावर होते, दुसऱ्यात दुसऱ्याची गोष्ट. त्यामुळे ‘फॅन फिक्शन म्हणजे उचलेगिरी आणि स्वतंत्र कादंबरी म्हणजे निर्मिती’ हा परिसंवादी निकाल इकडे कुणी ऐकून घेत नाही. आम्ही आधी सातबारा मागतो.

कर्ण हा गट नंबर मूळचा व्यासांच्या नावे. १९६७ साली शिवाजी सावंतांनी त्यात ‘मृत्युंजय’चं पीक घेतलं आणि आज मराठी घरात कर्ण म्हटलं की आधी सावंतच आठवतात. ययाती कसून खांडेकरांनी ज्ञानपीठ मिळवलं. मोरोपंतांनी एकट्या रामकथेतून १०८ रामायणं काढली, एवढं तर आमच्या भातालाही जमत नाही. यांना कुणी ‘फॅन’ म्हणालं? छे! आपल्या कायद्यात लेखक गेल्यावर ६० वर्षांनी हक्क संपतो. व्यासांचा कधीच संपला, आणि हरकत घ्यायला वारसही नाहीत.

कर्जत-खोपोली लोकलमध्ये मोबाइलवर मालिकेतल्या खाष्ट सासूचं पूर्वायुष्य लिहिणारी कॉलेजकन्या मात्र अतिक्रमण करते म्हणे! तिच्या लिखाणात तण फार, हे कबूल. नायक दर परिच्छेदात रोखून बघतो आणि परीक्षा आली की कथा ‘क्रमशः’वर लटकते. पण पदरचे पैसे घालून छापलेल्या स्वतंत्र कादंबऱ्या कधी वाचल्यात? त्यांतला नायक फ्लॅटच्या गॅलरीत चहा पितो आणि दोनशे पानं एकटा पडतो. त्या एकटेपणावर मात्र कुणाचा हक्क नसतो, हे खरं. अनोळखी नावाच्या माणसात वाचकाचा जीव अडकवणं ही स्वतंत्र लेखकाची विहीर. ती त्याला स्वतः खणावी लागते. फॅनला आयतं पाणी मिळतं. पण विहीर खणली म्हणजे पाणी लागतंच असं नाही.

परदेशात यावर तोड निघाली आहे. ई. एल. जेम्स बाईंनी ‘ट्वायलाइट’च्या जोडीवर फॅन फिक्शन लिहिली, मग नावं बदलली. ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ जगभर खपली. इतका स्वच्छ फेरफार आमच्या तालुक्यातही झालेला नाही.

आमचं योगदानही कमी नाही म्हणा. चौकजवळच्या एन. डी. स्टुडिओत नितीन देसाईंनी ‘जोधा अकबर’साठी आख्खा आग्र्याचा किल्ला उभा केला, आणि तोही अकबरनाम्यात जिचं नाव नाही त्या जोधेसाठी! लोक तिकीट काढून स्टुडिओ बघायला गेले. याच खालापूर तालुक्यात उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवरायांनी कारतलबखानाला कोंडलं, ती खरी जागा. तिला तिकीट नाही. फोटोत मागे राजवाडाही येत नाही.

कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्याला मालक ठरवलं. साहित्य महामंडळानेही असा एखादा कृषक दिन जाहीर करावा, ही विनंती. तारीख तीच ठेवावी, म्हणजे अंगाशी आलं तर ‘एप्रिल फूल’ म्हणता येईल. तोवर लोकलमधल्या ताईंनी सासूचं नाव आणि गाव बदलून हस्तलिखित थेट प्रकाशकाकडे न्यावं. मालिकेचा उल्लेख मात्र मनोगतातही करू नये.