म्हशीच्या टायमाची गाडी

आमच्या गावची मुक्कामी एसटी पहाटे सहाला कराडला निघते, ती फक्त फळ्यावर. खरी निघते आमची म्हैस पान्हा सोडेल तेव्हा. ड्रायव्हरकाका आणि कंडक्टरभाऊ रात्री देवळात झोपतात आणि पहाटेचा चहा आमच्या ओट्यावर घेतात. म्हैस अडली की दूध अडतं, मग चहा, मग गाडी आणि शेवटी बी.ए. दुसऱ्या वर्षाचा पहिला तास.

मी चौतीस वर्षांची. धाकटा पाचवीत गेला तेव्हा कॉलेजात नाव घातलं. सासूबाई म्हणाल्या, "शीक की! पण धार काढून जा."

सोमवारी त्याही गाडीत असतात, डोळे दाखवायला. पंचाहत्तरी ओलांडलेली, म्हणजे प्रवास फुकट. बाईमाणसाला 2023 पासून अर्धं तिकीट, पण माझ्याकडे त्याहून स्वस्त विद्यार्थी पास. थोरला मल्हारपेठला उतरतो, तोही पासवाला. कंडक्टरभाऊ मशीन खाली ठेवून विचारतात, "वहिनी, तुमच्या घरात पूर्ण तिकीट काढतं तरी कोण?"

"मालक. म्हणून तर ते कुठं जात नाहीत."

माझ्या पिशवीत अर्थशास्त्राचं पुस्तक तळाला असतं. त्यावर डबा, त्यावर गिऱ्हाइकांचे ब्लाउजपीस (मॅचिंग अस्तर आणायचं असतं) आणि परवा सगळ्यात वर मोटरचा जळका कॅपॅसिटर. "असलाच आण, दुसरा आणलास तर मोटर बसंल," असं मालकांनी तीनदा बजावलं होतं.

सुपन्याच्या अलीकडे उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. मागं दोन ट्रॉल्या, वर गाण्यांचा दणका, साइड द्यायचं नाव नाही. गाडीतली पोरं कावली. मी शांतपणे दोन ब्लाउजांची हुकं लावली आणि मागणीचा नियम पाठ केला. गळीत हंगामात माझा अभ्यास जोरात असतो. पट्टा पडला की गाडी वेळेवर पोचायला लागते आणि माझे मार्क घसरतात.

वर्गात पोचले तर नवे सर फळ्याशी. मला बघून अदबीनं म्हणाले, "पालकांची मीटिंग शनिवारी आहे, ताई." मागच्या पोरी खिदळल्या, "सर, ह्या आमच्या काकू!" मी घाईनं बाकावर बसले, पिशवी कलंडली आणि कॅपॅसिटर घरंगळत थेट सरांच्या बुटाशी गेला. तेवढ्यात फोन थरथरला. मालकच असणार.

सरांनी ते डबडं उचललं, उलटंसुलटं करून आकडा वाचला. मी मनात पंचाहत्तर टक्के हजेरीचा हिशेब मांडायला लागले.

"साडेसातच्या मोटरचा ना?" सर हळूच म्हणाले. "आमचाही कालच उडालाय. कुठल्या दुकानात घेता?"

तास संपल्यावर दोन कॅपॅसिटर आणले. एक सरांचा.

संध्याकाळी तीच गाडी, तेच दोघं. अंधार पडता गावात उतरले, तर ड्रायव्हरकाकांनी खिडकीतून हाक मारली, "वहिनी, उद्या पेपर हाय ना? म्हशीला आत्ताच सांगून ठेवा!"