बंद डब्यातला ध्रुव

मे महिन्यात जळगाव जामोदला पारा ४५च्या आसपास घुटमळतो. अशा गावात एखादा माणूस बर्फातल्या मोहिमांचे लेगो सेट जमवतो म्हटलं, की चार जण विचारतात, "याचा उपयोग काय?"

बॅट घेताना हा प्रश्न कुणी विचारतं का?

छंद उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकतो. नकाशाच्या टोकाला काय आहे याचं कुतूहल वाटणं यापेक्षा निरोगी गोष्ट दुसरी नाही. तक्रार छंदाबद्दल नाही. तक्रार डब्याबद्दल आहे. तो उघडत का नाहीत?

लेगो कंपनी डेन्मार्कमधल्या बिलुंड गावची. १९३२ साली एका सुताराने सुरू केली. म्हणजे थंडी तिच्या घरचीच. २००० साली तिने 'आर्क्टिक' मालिका काढली. मग २०१४ला पुन्हा, २०१८ला पुन्हा, २०२३ला पुन्हा. २०१४पासून दर चार-पाच वर्षांनी ध्रुव नव्याने विकायला येतो.

खरा ध्रुव मात्र दरम्यान वितळत राहतो.

२०१८च्या मोठ्या सेटमध्ये ७८६ तुकडे होते. नारिंगी गाड्या, फिरती प्रयोगशाळा, आणि पारदर्शक निळसर बर्फात अडकलेला मॅमथ. बर्फाचे तुकडे हाताने सोडवायचे, की आतला केसाळ हत्ती मोकळा. आठ वर्षांच्या पोराने हे एकदा केलं, की 'बर्फात जुनी गोष्ट टिकून राहते' हे त्याला पुन्हा शिकवावं लागत नाही. शास्त्रज्ञ बर्फाचे उभे खांब कापून जुनी हवा वाचतात, त्याची पहिली पायरी हीच.

पण डबा सीलबंद असेल तर मॅमथ आतच.

आणि सीलबंद ठेवणारे वाढले आहेत. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या सेटच्या किमती तपासल्या. बाजारातून बंद झालेल्या सेटनी सरासरी वर्षाला ११ टक्के परतावा दिला, असा त्यांचा निष्कर्ष. बस्स, तेवढं वाक्य सगळीकडे फिरलं. काही सेटची किंमत निम्म्याने घसरली, हे त्याच अभ्यासातलं दुसरं वाक्य कुणी वाचलंच नाही.

मुदतठेव ठेवायची असेल तर बँक आहे. पोराच्या खेळण्याला कशाला कामाला लावता?

२०१४ची गोष्ट तर प्रत्येक संग्राहकाला ठाऊक हवी. त्या वर्षी कंपनीने दुकानात नवे आर्क्टिक सेट मांडले. त्याच वर्षी तिचा शेल या तेल कंपनीशी करार चालू होता, आणि शेलला आर्क्टिकात तेलविहिरी खोदायच्या होत्या. जुलैत ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने १२० किलो लेगो वापरून आर्क्टिक उभारला. अस्वलं, माणसं, बर्फ, सगळं. मग त्यावर काळं तेल चढत जाताना चित्रित केलं. ऑक्टोबरमध्ये लेगोने जाहीर केलं, शेलशी करार पुढे वाढवणार नाही.

खेळण्यातल्या अस्वलाने खऱ्या अस्वलाची बाजू घेतली. डबा उघडलेला होता म्हणून हे जमलं.

आता एका महागड्या सेटकडे या. २०२४च्या अखेरीस लेगोने 'एन्ड्युरन्स' आणलं. ध्रुवीय मोहिमेवर निघालेल्या शॅकल्टनचं जहाज. ३,०११ तुकडे. अमेरिकेत तेव्हा किंमत २७० डॉलरच्या घरात, म्हणजे आपल्याकडे वीस हजारांच्या पुढेच. खरं एन्ड्युरन्स नोव्हेंबर १९१५मध्ये वेडेल समुद्रात बुडालं. सापडलं मार्च २०२२मध्ये, ३,००८ मीटर खोल. जितके मीटर खोल, जवळजवळ तितकेच तुकडे.

सेट देखणा आहे, वाद नाही. शिडं आहेत, डोलकाठ्या आहेत, होड्या आहेत. माणसं नाहीत.

आणि गोष्ट तर माणसांचीच होती! जहाजावर २८ जण होते. जहाज गेलं. २२ जण एलिफंट बेटावर थांबले, सहा जण एका लहानशा होडीतून दक्षिण जॉर्जिया बेटाकडे निघाले. आठशे सागरी मैल. ऑगस्ट १९१६मध्ये शेवटचा माणूस सुखरूप सुटला. २८पैकी २८. जहाज हरलं आणि माणसं जिंकली, म्हणून ही गोष्ट शंभर वर्षं सांगितली जाते. कंपनीने हरलेलं जहाज विकायला काढलं.

बरं, शॅकल्टन आपल्या संग्राहकांना तोंडपाठ. डॉ. कासिम कोण, विचारा.

शांतता.

६ डिसेंबर १९८१. गोव्याच्या मुरगाव बंदरातून 'पोलर सर्कल' हे भाड्याने घेतलेलं नॉर्वेजियन जहाज निघालं. २१ माणसं, नेते डॉ. सय्यद जहूर कासिम. गाजावाजा शून्य, मोहीम गुप्त होती. ९ जानेवारी १९८२ला ते अंटार्क्टिकावर उतरले. बंदर आपल्या शेजारच्या गोव्यातलं. विषय पाठ्यपुस्तकात दोन ओळींचा.

दोन वर्षांनी तिसऱ्या मोहिमेत ८१ जण गेले आणि त्यांनी तिथे 'दक्षिण गंगोत्री' हे पहिलं भारतीय केंद्र उभारलं. सुटे भाग जहाजातून नेले, बर्फावर जोडले. त्या मोहिमेत दोन स्त्रिया होत्या, सुदीप्ता सेनगुप्ता आणि आदिती पंत. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या स्त्रिया. आदिती पंत जन्माने नागपूरच्या. लेगोने तीन शास्त्रज्ञ स्त्रियांचा सेट आणला तेव्हा जगभर कौतुक झालं. साल २०१४.

आपल्या विदर्भाची लेक त्याच्या ३० वर्षं आधी खऱ्या बर्फात काम करून आली होती. तिचं नाव किती शाळांच्या भिंतीवर आहे?

दक्षिण गंगोत्री बर्फात गाडलं जाऊ लागलं आणि १९९०मध्ये सोडावं लागलं. तोवर 'मैत्री' उभं राहिलं होतं, १९८९मध्ये. आणि २०१२मध्ये आलं 'भारती'.

इथे जरा थांबतो, कारण मुद्दा इथेच आहे.

भारती केंद्र १३४ कंटेनरचं बनलेलं आहे. जहाजावर माल न्यायला लोखंडी खोकी वापरतात ना, तीच. त्या खोक्यांतून सामान तिथे गेलं आणि तीच खोकी जोडून खोल्या झाल्या. एकावर एक, एकाशेजारी एक. वरून वारा कापणारं धातूचं कवच. खाली खांब, म्हणजे उडणारा बर्फ इमारतीखालून निघून जावा, भिंतीशी साठू नये. दक्षिण गंगोत्रीने शिकवलेला धडा खांबांवर उभा आहे. आत ४७ माणसं राहू शकतात. आराखडा हॅम्बुर्गच्या वास्तुरचनाकारांचा, केंद्र आपलं. आणि कधी हलवायचं ठरलं तर सुटं करून परत नेता यावं, असा विचार त्यात आहे.

सुटे ठोकळे, ठरलेली जोडणी, पुन्हा वेगळे करता येतात. याला ब्लॉक्सचा सेट नाही तर काय म्हणायचं?

एवढा मोठा ध्रुवीय ब्लॉक सेट भारताने खरोखर जोडून दाखवला. त्याचं खेळणं मात्र माझ्या पाहण्यात नाही.

का नाही? परदेशी कंपनीवर खापर फोडू नका, तिला तिचं दुकान आहे. आपल्या कारखानदारांना विचारा. परदेशी खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३मध्ये ७०. वर १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्हाची सक्ती. हेतू स्पष्ट होता, देशी खेळणी उभी राहावीत. ब्लॉक जोडण्याचं पेटंट १९५८चं, ते केव्हाच संपलं. म्हणजे बंदी नाही, स्पर्धा रोखलेली, बाजार मोकळा.

आणि आपण काय बनवलं? नक्कल.

तालुक्याच्या दुकानात बर्फाचे ब्लॉक्स मागा. "भाऊ, पेंग्विनवाला देऊ का अस्वलवाला?" तिसराही डबा निघतो, त्यावर पेंग्विन आणि पांढरं अस्वल शेजारी शेजारी उभे. अस्वल उत्तर ध्रुवाकडचं, पेंग्विन दक्षिण गोलार्धातला. दोघांची गाठ फक्त डब्यावर पडते. पोर ते चित्र बघतं आणि जन्मभर चुकीचं शिकतं. एवढंसुद्धा तपासायला कुणाला सवड नाही?

ऑनलाइन मागवावं तर वेगळीच तऱ्हा. पत्त्यात 'जामोद' नीट वाचलं नाही की पार्सल खानदेशातल्या जळगावला फिरून येतं. तालुक्याच्या पोराने ध्रुव बघायचा तर आधी आपला तालुका नकाशावर आहे हे सिद्ध करायचं.

गंमत बघा, टपाल खात्याला मात्र अंटार्क्टिका बरोबर सापडतं. १९८४मध्ये दक्षिण गंगोत्रीला डाकघर उघडलं. पहिल्याच वर्षी १०,०००च्या आसपास पत्रांवर तिथला शिक्का बसला. एप्रिल २०२४मध्ये भारती केंद्राला डाकघर मिळालं, पिनकोड एमएच-१७१८. होय, एमएच. गोव्याचं टपाल महाराष्ट्र परिमंडळात येतं, त्यामुळे अंटार्क्टिकाचं पत्रही आपल्याच परिमंडळात. संग्रह करायचा आहे ना? मग त्या शिक्क्याचं एक पाकीट मिळवा. वीस हजारांच्या जहाजापेक्षा ते जवळचं आहे.

"पण ध्रुवाचं आपल्या शेतकऱ्याला काय?"

हाच प्रश्न हवा होता.

आपल्याच तालुक्यात भेंडवळ आहे. अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, अठरा धान्यं, मधे मातीची ढेकळं, वर पाण्याचा करवा. दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत होतं. वाहिन्यांच्या गाड्या मुक्कामाला येतात. गावाची परंपरा आहे, गावाने जपावी. पण पावसाचं कोडं सोडवायला बसलेली माणसं आणखी एका ठिकाणी आहेत. गोव्यातल्या वास्कोत, राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात. तिथे उणे २० अंशांच्या खोलीत अंटार्क्टिकाचा बर्फ ठेवून तपासतात. तिथल्या शास्त्रज्ञांनी आर्क्टिकातल्या कारा समुद्राचा घटणारा बर्फ आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये कोसळणारा अतिमुसळधार पाऊस यांच्यातला संभाव्य दुवा मांडला आहे.

सप्टेंबर. सोयाबीन शेंगेवर आणि काढणीच्या तोंडावर. तेव्हा चार तासांत पडलेला पाऊस म्हणजे वर्षाचं गणित संपलं.

जुलै २०२३मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूरने एका रात्रीच्या पावसात काय पाहिलं ते आठवा. खरडून गेलेली जमीन, तुटलेले रस्ते. त्या रात्रीचं कारण ध्रुव होता असं मी म्हणत नाही. तसा दावा करायला अभ्यास लागतो, आणि अभ्यासाला माणसं लागतात. ती माणसं आज तिसरीत आहेत. त्यांच्यापर्यंत वाहिनीची गाडी काय घेऊन गेली?

आणि हो, बर्फ नसेल परवडत, तर आपल्या जिल्ह्यात आणखी एक तयार विषय पडला आहे. लोणार. अशनीच्या आघाताने बेसाल्टमध्ये पडलेलं विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. जगभरचे शास्त्रज्ञ अशनी शोधायला अंटार्क्टिकाला जातात, कारण पांढऱ्यावर काळा दगड उठून दिसतो. अशनीचा एवढा मोठा घाव आपण एसटीने जाऊन बघू शकतो. विवर, कडा, मंदिरं, खारं पाणी, फ्लेमिंगो. यातून सेट होत नाही? ज्याला होत नाही वाटतं, त्याने खेळणी बनवू नयेत.

संग्राहकांनो, पहिलं काम तुमचं. कपाटातले सीलबंद डबे खाली काढा. कात्री लावा. घरात पोर नसेल तर जिल्हा परिषदेच्या शाळेत द्या. ११ टक्के बुडतील. बुडू देत. त्या टेबलाभोवती बसलेल्या चाळीस पोरांपैकी एकीला जरी वास्कोची वाट दिसली, तरी कुठल्याच बँकेला तो दर देता येणार नाही.

कारखानदारांनो, दुसरं काम तुमचं. ७० टक्क्यांचं कुंपण तुम्हाला मिळालं आहे. संशोधन केंद्र वास्कोत आहे, तिथे जाऊन भारतीचा आराखडा मागा. १३४ ठोकळे, खांब, कवच, ४७ माणसं. त्यात एक बाई शास्त्रज्ञ हवी, कोटावर तिरंगा हवा आणि डब्यावर पेंग्विन एकटा हवा. सोबत मराठीत छापलेली चार पानांची पुस्तिका, कासिम आणि आदिती पंत यांच्या नावासह. किंमत अशी ठेवा, की कापूस विकून आलेला बाप यात्रेत तो डबा उचलू शकेल.

पहिली मागणी जळगाव जामोदहून माझी लिहून घ्या. पत्त्यात 'जामोद' ठळक लिहा.