कुऱ्हाड लिंबावर कशाला?

आमच्या गल्लीत दोन लेकरांना डेंग्यू झाला आणि सगळ्यांचं बोट कोपऱ्यावरच्या लिंबाकडे गेलं. झाड तोडा, डास जातील! मी म्हटलं, आधी बुडाशी ठेवलेलं टिपाड बघू. वरचं फळकूट सरकवून मोबाईलचा उजेड आत टाकला, तशा अळ्या वळवळत तळाकडे पळाल्या. लिंबाच्या पानावर डास फार तर विसावा घेईल. त्याला जन्माला यायला साचलेलं पाणी लागतं.

झाडांनीच डास होत असते तर लातूर कधीच डासमुक्त झालं असतं. या जिल्ह्यात जंगल शेकडा 1 सुद्धा नाही. आहे तो पाण्याचा दुष्काळ. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत 5 लाख लिटर. ज्या गावाने हे दिवस पाहिले, तिथली बाई हंडा, रांजण, टिपाड, बादली, मिळेल ते भरून ठेवणारच. आणि डेंग्यूच्या एडिस डासाला नेमकं हेच साठवणीचं स्वच्छ पाणी लागतं. मादी अंडी चिकटवते ती भांड्याच्या ओल्या कडेला. भांडं वाळलं तरी ती महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, कड खसाखसा घासावी लागते. पुन्हा पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत डास उडाला. पण पुढचं पाणी कधी सुटेल हेच माहीत नसलेल्या बाईला ‘कोरडा दिवस पाळा’ हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

जमिनीचा वापर बदलला की डासाची जात बदलते. नांदेडला गोदावरीकडे जाणारे नाले सांडपाण्याने तुंबले की क्युलेक्स माजतो. हत्तीरोग पसरवणारा तोच. या रोगाच्या यादीत नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्हे आहेत. हिवतापाचा अॅनाफिलीस ओढ्यात, कालव्यात वाढतो, आणि त्यातल्या काही जातींना सावलीपेक्षा उन्हातलं उघडं पाणीच जास्त मानवतं. म्हणजे काठची झाडं तोडून आपण त्यांची सोयच करतो.

झाडाच्या ढोलीत पाणी साचतं, हे खरं. ढोली मातीने बुजवा. पन्हाळीत अडकलेला पाला काढा. त्यासाठी बुंध्यावर घाव कशाला? धुराच्या गाडीवरही विसंबू नका. धुराने उडते डास मरतात. टिपाडातल्या अळ्यांपर्यंत तो पोचतच नाही. नगरपालिकांकडे मागायचंच असेल तर नळाचा ठरलेला वार मागा, वाहती गटारं मागा, हौदात सोडायला गप्पी मासे मागा.

लिंब तूर्त वाचला आहे. परवा टिपाड रिकामं करून काथ्याने घासलं, आणि शेजारच्या मावशींनी त्याच्या तोंडावर जुन्या लुगड्याची दुहेरी घडी सुतळीने आवळून बांधली. अजून गल्लीतली अकरा टिपाडं उघडीच आहेत.