भोकबुजवे

जुन्या मोटारींच्या शौकिनांत अनेक जाती आढळतात. कुणी इंजिनाच्या आवाजावर भाळतो, कुणी क्रोमच्या बंपरात स्वतःचा चेहरा न्याहाळतो, तर कुणी "आमच्या मामांकडे अश्शीच होती" एवढंच ऐकवून चालू लागतो. पण या सगळ्यांत कडवा म्हणजे भोकबुजवा. गाडी रंगाला टाकण्याआधी तिच्या अंगावरचं एकेक फालतू भोक हुडकून ते कायमचं बुजवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही.

भोकबुजवा साधारण साठीचा असतो, बँकेतून निवृत्त झालेला. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी विजेरी. दारात प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली ही गाडी त्याने "डॉक्टरांची, सिंगल हँड" म्हणून घेतलेली असते. विकायला निघालेली जुनी पद्मिनी आपल्याकडे नेहमी डॉक्टरांचीच असते. इतके डॉक्टर होते, तर माणसं आजारी कशी पडायची, हे मात्र कुणी सांगत नाही.

गाडी घरी आली की भोकबुजवा आधी तिचे पाय धरतो, म्हणजे खरोखरच जमिनीवर उताणा पडून विजेरी मारतो आणि वहीत भोकांची जनगणना सुरू करतो. त्याच्या लेखी भोकांचे वर्ण दोनच: कंपनीची आणि मालकांची. कंपनीचं भोक पवित्र. दाराच्या तळाशी पाणी निथळायला ठेवलेली भोकं कुणी हौसेने लिंपली, तर तो भर रस्त्यात त्या माणसाचा वर्ग घेतो: "काचेवरून उतरलेलं पाणी दारातच साचणार! पत्रा आतून कुजणार! मग बसा बोंबलत!"

मालकाचं भोक म्हणजे मात्र पाप. पद्मिनीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं ताटकळलेला माणूस गाडी हातात आल्यावर गप्प कसा बसेल? त्याने मडगार्डवर एरियल ठोकली, दारावर डावा आरसा बसवला, पुढे फॉग लॅम्प लावले, डॅशबोर्डवर पंखा आणि मागच्या फळीवर स्पीकर चढवले. पुढे एरियल पोरांनी मोडली, पंखा जळला, स्पीकर चोरीला गेले. भोकं राहिली. भोकबुजवा त्यांच्यावरून बोट फिरवतो आणि कधी न पाहिलेल्या त्या मालकाचं चारित्र्य सांगतो: "हा आरसा मेव्हण्याने लावलाय. स्वतःच्या गाडीला कुणी इतकं तिरकं ड्रिल मारत नाही."

गॅरेजमधले उस्ताद या सगळ्याला एका वाक्यात निकालात काढू पाहतात. "काका, लांबी भरतो, घोटतो, वरून प्रायमर. दिसलं तर पैसे देऊ नका."

"आज नाही दिसणार. दोन पावसाळ्यांनी दिसेल. भोकावरच्या लांबीला मागून आधार काय? मागून ओल शिरणार, कडेने गंज धरणार, रंगाला फोड येणार."

मग त्याच्या पद्धतीने काम सुरू होतं. भोकाभोवतीचा रंग दोन्ही अंगांनी खरवडून पत्रा लख्ख करायचा. मागून तांब्याची पट्टी दाबून धरायची, कारण वेल्डिंगचं लोखंड तांब्याला चिकटत नाही आणि तांबं उष्णताही ओढून घेतं. मग पुढून मिग वेल्डिंगचा एक डाग मारायचा आणि थांबायचं. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड. घाईने तापवला की त्याला लाटा येतात. म्हणून दोन डागांच्या मधे चहा. एका एरियलला तीन चहा, फॉग लॅम्पच्या जोडीला भजी. भोक मोठं असेल, तर त्याच मापाची चकती कापून बसवायची आणि त्या दिवशी जेवण काकांकडून. शेवटी ग्राइंडरने अलगद सपाट करून, वर नखाएवढीच लांबी. लवकरच उस्तादही या पद्धतीचे कट्टर पुरस्कर्ते होतात.

घरी बायको विचारते, "अहो, जुना गीझर काढल्यापासून बाथरूमच्या टाइल्सना चार भोकं आहेत, त्यांचं काय?" "ती कंपनीची आहेत," एवढं सांगून भोकबुजवा वहीत डोकं घालतो.

आमच्या माहितीतल्या एका भोकबुजव्या काकांवर मात्र धर्मसंकट ओढवलं. डाव्या मडगार्डवरची काही भोकं कुठल्याच मेव्हण्याच्या हिशेबात बसेनात. छपराच्या कडेचा रंग खरवडला, तर खालून पिवळा निघाला. डॉक्टरांची गाडी मुंबईची टॅक्सी होती! ती भोकं बाहेर बसवलेल्या मीटरची होती. काका दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी उस्तादांना ती आधी बुजवायला सांगितली.

तो महिना नेमका ऑक्टोबर 2023 चा. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची 20 वर्षांची मुदत भरली आणि वर्तमानपत्रांतून काळ्या-पिवळीला श्रद्धांजल्या सुरू झाल्या. जो तो गहिवरला. काका पेपर घेऊन गॅरेजकडे धावले आणि पेटत्या मिगसमोर आडवे झाले. "थांबा उस्ताद! हा वारसा आहे!" वहीत तिसरा वर्ण उघडला गेला: ऐतिहासिक भोकं.

गाडी रंगून आली. अंगावर सुई शिरेल एवढंही अनधिकृत छिद्र नाही. पुढे सरकारी फर्मान आलं: 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावा. बसवणारा पोरगा नवी कोरी प्लेट घेऊन आला. ती 500 बाय 120 मिलिमीटरची. जुन्या भोकांशी तिचं अजिबात जुळेना. पोराने सहज ड्रिल उचललं. "काका, मागं दोन पाडू का?"

काकांनी डोळे मिटले. ड्रिल थांबल्यावर उघडले. पोराकडे ब्रश मागून दोन्ही भोकांच्या कडांना आधी प्रायमर लावला, मगच प्लेट बसवू दिली. मग वही काढून चौथा वर्ण लिहिला: सरकारी. पुढे भोकांची मापं, पत्र्याची जाडी, आणि खाली एक टीप: "पुढच्या मालकास विनंती. बुजवताना तांब्याची पट्टी वापरावी. लांबी भरू नये."